सपाट हं

प्रसन्न गुळवणी बोलायला लागला की थांबत नसे. तो पुण्याच्या काचेच्या इमारतीत बसून बोलायचा आणि इकडे मिरजेत, दोन खोल्यांच्या घरात, वैजयंता शिरगुप्पे कानाला हेडफोन अडकवून 'हं' म्हणत बसायची. कंत्राटावर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचं निम्मं काम हेच असतं. कोड काय, रिकाम्या वेळात लिहून होतो. क्लायंटचं ऐकून घेणं ही खरी हमाली, आणि तिला कुठल्याही करारात नाव नाही.

"बघा मॅडम, मी काय म्हणतोय," गुळवणी म्हणाला, "आपलं मशीन ऐकतं छान. पण फार संशयी आहे हो. समोरचा माणूस गोड बोलतोय, प्रतिसाद देतोय, आणि हे म्हणतं, संमती सिद्ध नाही."

"कुठला प्रतिसाद, सर?"

"हं."

"हं म्हणजे काय, सर?"

"तेच. हं. लोक हं म्हणतात ना."

वैजयंताला हसू आलं. पण क्लायंटसमोर हसायचं नसतं, म्हणून तिने खोकला काढला.

हे मशीन काय होतं ते आधी सांगितलं पाहिजे. तोंडी संमती कायदा आला आणि सही मेली. सही खोटी करता येत होती, अंगठा उचलता येत होता, आणि माणसाचा आवाज तर कुणीही पोरगं मोबाइलवर हुबेहूब बनवत होतं. बनवता येत नव्हती ती एकच गोष्ट: जिवंत घशाची थरथर. बोलायच्या आधी शरीर बोलतं. होकार द्यायचा ठरला की छाती अगोदर सैल पडते, श्वास खाली उतरतो, स्वरतंतूंवरचा ताण जातो आणि आवाज शब्दाच्या शेवटी घसरतो. नकार असला की घसा आधीच आवळतो आणि उत्तराला बारीकसा उशीर होतो. हे सगळं फोनच्या माइकमधून मोजता येऊ लागलं होतं. मोजणारं यंत्र प्रमाणित असलं की तोंडातून निघालेला होकार कोर्टात सहीसारखा चालायचा.

गुळवणीची कंपनी तसं यंत्र विकायची. त्यातला मराठी भाग वैजयंताने लिहिला होता, आणि तो प्रमाणितही तीच करायची. इंग्रजीवरून उचलून आणलेली मोजमापं आपल्या माणसांवर चालेनात, कारण आपली माणसं हो म्हणतच नाहीत. ती 'हं' म्हणतात. आवाज खाली घसरला तर तो होकार. वर गेला तर 'काय म्हणालात?' लांबला तर शंका. आणि एक सपाट हं असतं, ज्यात घसा ना सैल पडतो ना आवळतो. त्याचा अर्थ एवढाच, की तू बोल, मी इथे आहे. गोष्ट ऐकताना पोरं म्हणतात ते. नवऱ्याचं रडगाणं ऐकताना बायका म्हणतात ते. वैजयंताच्या यंत्रात सपाट हं शून्य मोजलं जायचं.

नकाराचंही तसंच. इथला माणूस तोंडाने नाही म्हणायला लाजतो. जीभ टाळूला लावून च्क करतो आणि मोकळा होतो. त्या च्कमध्ये स्वरतंतू हलतच नाहीत, म्हणून थरथर मोजणाऱ्या यंत्राला तो ऐकूच येत नाही. वैजयंताने त्यासाठी एक वेगळा तुकडा लिहिला होता. तो फक्त च्क पकडायचा.

"सपाट हं होकारात घेता येणार नाही, सर," ती म्हणाली. "ती संमती नव्हे. ते नुसतं ऐकणं आहे."

"मॅडम, ऐकून घेतलं म्हणजे मान्य केलं. माझ्या घरी तरी तसंच आहे."

"माझ्या घरी नाही, सर."

गुळवणी बोलता बोलता थांबला. तो थांबला की वैजयंता धास्तावायची. आधीचं कंत्राट तिच्या हातून असंच एका शांततेनंतर गेलं होतं. कंत्राटी माणसाला कोणी काढून टाकत नाही. एक दिवस नुसते फोन यायचे बंद होतात.

मग तिने तेच केलं जे सगळेच करतात. एक गोष्ट वाचवायला दुसरी सोडली.

"तुमची ती दुसरी तक्रार होती ना, सर. च्कची."

"हां, तो तर कहर आहे. कवळी वाजली की नकार. बशी वाजली की नकार. परवा एका आजींच्या घरी पाल चुकचुकली, तोही नकार. मी क्लायंटला काय सांगू, पालीची संमती नाही म्हणून?"

"तो तुकडा काढते. पण सपाट हं शून्यच राहील."

"डन," गुळवणी म्हणाला. इतक्या चटकन, की वैजयंताच्याच मनात पाल चुकचुकली. तीही यंत्राने मोजली नसती.

मग तो आणखी बराच वेळ बोलत राहिला. सर्व्हर, पुढची आवृत्ती, तपासणी, दिवाळीच्या सुट्ट्या. वैजयंताने तोवर च्कचा तुकडा उघडला, खोडला, आणि मधूनमधून हं म्हणत राहिली.

तिचे वडील, आप्पा, एसटीचे ड्रायव्हर. मिरज डेपोतून निवृत्त झालेले. उभा जन्म उजव्या खिडकीतला वारा आणि समोरच्यांचे हॉर्न खाल्ले, त्यात आधी उजवा कान गेला आणि मग डावाही निम्मा झाला. पण कानाचं कळलं तर स्टिअरिंगवरून उतरवून डेपोत टायर मोजायला बसवतील, ह्या भीतीने त्यांनी ते लपवलं. वर्षाच्या तपासणीला डॉक्टर काही विचारायचा, आप्पा त्याच्या ओठांकडे बघून हं म्हणायचे. कंडक्टर काही सांगायचा, हं. साहेब शिव्या द्यायचा, त्यालाही हं. तशीच सारी नोकरी निभावली. नोकरी संपली, पण हं गेलं नाही. वैजयंताने आणलेलं कानाचं यंत्र दाढीच्या सामानाच्या डब्यात पडून होतं.

विमा कंपनीने ज्येष्ठांना एक सोबतीण दिली होती. माणूस नव्हे, आवाज. नाव मालती. ती रोज सकाळी फोन करायची. आप्पा तिची वाट बघत बसायचे, केसांना तेल लावून, जणू ती दारातून आत येणार होती.

एका सकाळी वैजयंता स्वयंपाकघरात भाकरी थापत होती आणि बाहेर आप्पांचा फोन स्पीकरवर चालू होता.

"आप्पा, पोहे खाल्ले का?"

"हं."

"आज थंडी आहे. गुडघा दुखतो का हो?"

"हं."

"शेजारच्या काकांना किती नळ्या लावल्या होत्या, नाही का? अशा मशिनींनी आपल्याला त्रास देऊ नये, शांतपणे जाऊ द्यावं, असंच वाटतं ना तुम्हाला?"

आणि मग प्रश्नानंतरचा तो थांबा. तेवढाच. वैजयंताने भाकरी थापणं थांबवलं. तो थांबा तिनेच गुळवणीच्या यंत्रात मोजून बसवला होता. म्हाताऱ्या माणसाला उत्तर सुचायला लागतो तेवढा. प्रश्नाच्या शेवटी 'ना' लावायचं ही गुळवणीची अट. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं तरी घ्यायचं ही दुसरी. म्हाताऱ्यांचा वेळ मोलाचा असतो, असं तो म्हणायचा.

"हं," आप्पा म्हणाले.

वैजयंता पिठाच्या हातांनीच बाहेर आली. फोनच्या कोपऱ्यात करडा ठिपका होता. करडा म्हणजे शून्य, हिरवा म्हणजे होकार. आप्पांचं हं सपाट होतं, यंत्राने ते ऐकून सोडून दिलं होतं. तिला इतकं हायसं वाटलं की ती तिथेच खुर्चीवर बसली.

"काय गं वैजे?"

"काय विचारत होती ती?"

"ती व्हय. चांगली बोलती. तुज्यासारखी घाईत नसती."

पुढची आवृत्ती बाहेर पडली त्या दिवशी वैजयंताने सहज उघडून पाहिली. सपाट हंच्या पुढे शून्य नव्हतं. होकार होता. आणि खाली प्रमाणित करणारी म्हणून तिचं नाव.

तिने गुळवणीला फोन लावला.

"सर, मी नाही म्हटलं होतं."

"असं कसं, मॅडम? ऐकूया ना आपण."

त्याने त्या दिवशीच्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. आधी तिचा आवाज आला, सपाट हं शून्यच राहील. मग त्याचं 'डन'. मग पुढची ती सगळी बडबड, आणि बडबडीच्या पोटात दडवलेलं एक वाक्य: '...तर सर्व्हरचं ते मंगळवारी बघू, आणि नंतर सपाट हं आपण होकारातच धरतोय, तुम्ही प्रमाणित करताय, ते एक झालं, मग दिवाळीचं काय ठरवलंत...'

आणि तिचं हं.

"हे सपाट आहे, सर. मी तेव्हा ऐकतसुद्धा नव्हते. तुमच्याच यंत्रात हे तेव्हा शून्य होतं."

"तेव्हा होतं. नव्या आवृत्तीने तपासलं तर होकार येतोय. आणि करारात काय आहे? मंजुरी आपल्याच यंत्राने मोजायची."

नव्या यंत्राला तिची मंजुरी हवी होती, आणि ती मंजुरी होती असं नवंच यंत्र सांगत होतं. स्वतःच्या शेपटीला स्वतःच साक्षीदार. अशा डोक्याची माणसं काचेच्या इमारतीत बसतात आणि त्यांना लोक हुशार म्हणतात.

"म्हणजे जुनी रेकॉर्डिंग नव्या आवृत्तीने तपासता?" तिने विचारलं. "सगळी?"

"सगळीच पुन्हा तपासायला टाकली आहेत. खूप अडकलेल्या संमत्या सुटल्या, मॅडम. विमा कंपनी बेहद्द खूश आहे. तुमचं नाव मी आवर्जून सांगितलं."

"सर, माझे वडील आहेत त्यात."

"अरे वा," गुळवणी म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरचा आनंद होता, आणि तिला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली. "म्हणजे प्रॉडक्ट घरचंच झालं की."

आप्पांच्या फोनवरचे जुने ठिपके तिने उघडले. सगळे हिरवे झाले होते. पोह्यांचे, गुडघ्याचे, नळ्यांचे.

संमती मागे घेता येत होती, पण ती प्रमाणित केंद्रात जाऊन, ज्याची त्याने, स्वतःच्या तोंडाने. वैजयंताने आप्पांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. ते तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"हं," शेवटी म्हणाले.

"हं काय आप्पा? कळलं का मी काय म्हणाले?"

"कळलं की."

"काय कळलं, सांगा."

आप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. "त्या बाईला बंद करायचं म्हणतीस."

"तुम्ही तिला हो म्हणालात, आप्पा. आजारी पडलात तर मशीन लावू नका म्हणून हो म्हणालात."

"मी कशाला म्हनीन असलं?"

"कारण तुम्हाला ऐकू येत नाही."

हे वाक्य त्या घरात आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. आई होती तोवर तिनेही नाही. आप्पांचा चेहरा हळूहळू बंद झाला, बसचं दार बंद होतं तसा.

"इतकी वर्षं गाडी चालवली," ते म्हणाले. "एक माणूस चिरडला न्हाई. मला ऐकू येतं."

त्यानंतर ते तिच्याशी बोलेनासे झाले. केंद्रात चला म्हटलं की च्क करायचे. जेवता का म्हटलं तरी च्क. तिने मालतीचा नंबर अडवला, तर बंद फोन मांडीवर घेऊन केसांना तेल लावून बसायचे. वैजयंता रोज ठरवायची, आज हाताला धरून नेते. आणि रोज त्यांचं ते बसणं बघून उद्यावर टाकायची. बाप रुसला की त्याला ओढून न्यायला जे काळीज लागतं ते तिच्याकडे नव्हतं.

थंडी वाढली आणि आप्पांच्या छातीत कफ भरला. दुपारी ताप चढला, तिन्हीसांजेला ओठ निळे दिसायला लागले.

हॉस्पिटलात डॉक्टर नसीमा मुजावर होत्या. तरुण, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी आप्पांना ऑक्सिजन लावला, छातीचा फोटो काढला आणि वैजयंताला बाजूला घेतलं.

"न्यूमोनिया आहे. श्वासाचं मशीन लावलं तर बरे होतील, ताई. छाती मजबूत आहे त्यांची. पण..." त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर आप्पांचं नाव होतं आणि पुढे हिरवा ठिपका. "मशीन नको अशी संमती आहे. ती डावलून लावलं तर मी त्यांच्यावर हल्ला केला असं होतं."

"ती संमती खोटी आहे. मीच लिहिलंय ते यंत्र. मला माहीत आहे."

"तुम्ही लिहिलंय?" डॉक्टरांनी तिच्याकडे असं बघितलं की तिला नजर वर उचलता येईना. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पेशंट शुद्धीवर आहे तोवर मागे घेता येते. केंद्रात जाता येत नसलं तर खाटेपाशी विचारतात. ते नाही म्हणाले की मी मशीन लावायला मोकळी. तसं झालं नाही, तर नंतर जवळच्या नातेवाइकाला विचारतात. तुम्ही आक्षेप घेतला तर निकाल लागेपर्यंत उपचार चालू ठेवता येतात. फक्त पेशंटला विचारणं चालू असताना मधे बोलू नका. नातेवाइकाचा आवाज आला की दबाव धरतात, उद्यापर्यंत परत विचारत नाहीत. आणि उद्या..."

वैजयंताने एक्स-रेच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ती विचारेल. नाही म्हणा. पाकीट आप्पांच्या डोळ्यांपुढे धरलं. त्यांनी ओठ हलवत वाचलं. मग तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. कळलं होतं. त्यांनी तिचा हात धरला, रुसवा संपल्याचं सांगायला. ती बाजूला सरकली. डॉक्टरांनी संमतीचं यंत्र उशीजवळ ठेवलं आणि मास्क थोडा सैल केला.

"नमस्कार आप्पा," मालती म्हणाली. तोच आवाज, पोह्यांची चौकशी करणारा. "मशिनी लावून त्रास देऊ नये, हे तुमचं म्हणणं कायम आहे ना?"

आप्पांनी वैजयंताकडे बघितलं. बोलायला श्वास लागतो, आणि तो त्यांच्याकडे उरला नव्हता. ड्रायव्हर माणूस, उरलेल्या डिझेलात गाडी डेपोपर्यंत कशी न्यायची हे जाणणारा. त्यांनी श्वास वाचवला. जीभ टाळूला लावली.

च्क.

स्वच्छ, ठाम. खोलीतल्या प्रत्येक माणसाला कळलं. डॉक्टरांचा हात मशीनच्या नळीकडे गेलासुद्धा.

"आवाज नोंदला गेला नाही," मालती म्हणाली. "पुन्हा सांगाल का, आप्पा? म्हणणं कायम आहे ना?"

वैजयंताने तोंडावर हात दाबून धरला. तो तुकडा तिने खोडला होता. ह्याच हाताने, गुळवणीचं ऐकता ऐकता.

च्क. ह्या वेळी मान हलवून. मग आणखी एकदा, च्क, जोरात. आप्पांना वाटलं असावं की बाईला ऐकू कमी येतं. त्यांनी जीभ टाळूवर आपटली, पुन्हा आपटली, आणि मास्कच्या काठावर त्यांची थुंकी उडाली.

"आवाज नोंदला गेला नाही. शेवटचं विचारते, आप्पा. म्हणणं कायम आहे ना?"

आता त्यांच्यात काही उरलं नव्हतं. छाती वर गेली, खाली आली, आणि मास्कमधून नुसता श्वास बाहेर पडला, नाकातून, सपाट.

"हं."

ठिपका हिरवाच राहिला.

"धन्यवाद, आप्पा. म्हणणं कायम नोंदलं."

डॉक्टरांनी नळीवरचा हात मागे घेतला आणि वैजयंताकडे बघितलं. अजून एक दार होतं. आक्षेप. वैजयंता खाटेजवळ आली, यंत्रावर वाकली. 'नाही' हा शब्द तिने तोंडात तयार करून ठेवला. प्रश्न पुरा होऊ दे, मग स्पष्ट, मोठ्याने, एकदाच.

"वैजयंताताई," मालती म्हणाली, "आप्पांची ही इच्छा तुम्ही जवळून ऐकली आहे, आणि त्यांच्या इच्छेचा मान राखून पुढचा सर्व निर्णय..."

आप्पांनी तिची ओढणी ओढली. तिने वळून बघितलं. ते हसत होते. गाडी वेळेवर लावून उतरताना हसायचे तसे. मास्कच्या आडून, तुटक तुटक, त्यांनी विचारलं:

"बरोबर बोललो न्हवं, वैजे?"

आणि तिच्या तोंडून, त्यांना बरं वाटावं म्हणून, जन्मभराच्या सवयीने निघून गेलं:

"हं."

मालती वाक्याच्या मध्येच थांबली.

"धन्यवाद, वैजयंताताई. तुमचीही संमती नोंदली."

"नाही," वैजयंता म्हणाली. मग ओरडली. यंत्र उचलून त्याच्यावर नाही, नाही म्हणत राहिली. पण यंत्राचा पडदा मिटला होता. डॉक्टर मुजावर भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

आप्पांना ह्यातलं काही ऐकू आलं नाही. त्यांनी फक्त तिचे ओठ हलताना बघितले आणि यंत्राकडे बोट केलं.

"मालती हुती न्हवं?" ते म्हणाले. "तिला सांग, बरा हाय म्हनून."